बिनखिळ्याचे क्रूस

अँड्र्यूने तिसऱ्यांदा धातू शोधायच्या मशीनची तबकडी स्वतःच्याच कुदळीवर धरली. हेडफोनमध्ये चांगली गुरगुर ऐकू आली. म्हणजे मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

हेच त्याला पटत नव्हतं. गेली चार वर्षं वायरमनची कामं सांभाळून तो हे मशीन खांद्यावर टाकून ओसाड वाड्यावस्त्या पालथ्या घालत होता. घरी दोन बरण्या भरून ढब्बू पैसे, भोकाचे पैसे आणि गंजक्या बिल्ल्यांचा पसारा होता, आणि त्याची बायको प्रार्थना आल्यागेल्याला त्या बरण्या हसत हसत दाखवायची. तांबं लागलं की मशीन किणकिणायचं, लोखंड लागलं की गुरगुरायचं. दफनभूमीच्या वाटेला मात्र तो कधी गेला नव्हता. त्यात मेलेल्यांचा मान थोडा होता आणि खिळ्यांचा वैताग जास्त. लाकडाचा क्रूस वाळवी खाऊन टाकते, खिळे मातीत राहतात, मग कबरीगणिक गुरगुर ऐकून डोकं उठतं.

आणि इथे, पाथर्डीकडच्या माळावर, बहात्तरच्या दुष्काळात ओस पडलेल्या ख्रिस्तवाडीच्या दफनभूमीत सकाळपासून तीन तास फिरूनही एक खिळा लागला नव्हता.

बाभळीच्या तोकड्या सावलीत स्टेलामावशी बसली होती. शेजारी प्लायवूडची नवी कोरी पेटी आणि एक पिशवी. नगरच्या दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झालेली ही त्रेसष्ट वर्षांची बाई अँड्र्यूला चर्चमध्ये पाहून माहीत होती, तेवढीच. महिन्यापूर्वी उपासना संपल्यावर कमिटीने वाचून दाखवलं होतं की रस्ता रुंद होतोय आणि ख्रिस्तवाडीची दफनभूमी त्यात जाणार आहे. ज्याला आपल्या माणसाची कबर दाखवता येईल त्याने अस्थी नगरला आणाव्यात. बाकीच्यांना प्रार्थना करून एकाच खड्ड्यात ठेवतील. त्या मुदतीचा आज शेवटचा दिवस होता.

मावशीचा बाप, यशया मिस्त्री, इथे कुठेतरी होता. आई नगरला होती आणि तिच्या शेजारची जागा मावशीने मागून घेतली होती. पण कबरींचे उंचवटे पावसाने सपाट केले होते, दगड कोणी कोणी उचलून नेले होते, आणि दोनदा येऊन ती रिकाम्या हाताने परतली होती. मग तिने अँड्र्यूला फोन केला. वाडीच्या पडक्या भिंतींत काय सापडेल ते तुमचं, असं तिने आधीच सांगून टाकलं, आणि त्या लोभानेच तो आला होता. विचारलं मात्र तिने एवढंच, की तुमच्या मशीनला खिळा कळतो का. अँड्र्यूला तेव्हा हसू आलं होतं.

आता त्याला हसू येत नव्हतं. तो बाभळीखाली आला आणि हेडफोन गळ्यात घेऊन घाम पुसत उभा राहिला.

"मावशी, इथे क्रूस होते ना नक्की?"

"हुते की. लई जुन्यांना दगड, बाकी समद्यांना क्रूस. माझ्या बापानंच केलेले."

"मग खिळे कुठे गेले?"

लुगड्याला चिकटलेली कुसळं मावशी एकेक करून काढत राहिली. मग तिने सांगितलं की बाप दोन्ही लाकडांत अर्धी अर्धी खाच पाडायचा, एकात एक बसवायचा आणि मधून लाकडाची खुंटी मारायचा. एका क्रुसाला अख्खा दिवस जायचा.

"पाळकसाहेब म्हनायचे, मिस्त्री, दोन खिळ्यांचं काम, कशाला दिस घालवता? तर म्हनायचा, त्याला एकदा ठोकलं तेवढं लई झालं, साहेब. आता माझ्या हातनं न्हाई."

अँड्र्यूने आयुष्यभर प्रवचनं ऐकली होती, त्यातलं एकही त्याच्या मनात असं बसलं नव्हतं. पण चीडही आली. खिळेच नाहीत हे ठाऊक असताना या बाईने आपल्याला तीन तास उन्हात कशाला तापवलं? त्याने तसं विचारलंही, जरा तोडूनच.

"ती घायपाताकडची कड राह्यलीय," मावशी म्हणाली. "तेवढी बघा, भाऊ."

तिने त्याच्यासाठी भाकरी आणि ठेचा आणला होता, तो आडवा आला. अँड्र्यू निमूटपणे घायपाताच्या कुंपणाकडे गेला. हात कंटाळले होते, तरी सवयीने तबकडी जमिनीला घासत, पट्टा न सोडता तो फिरत राहिला. शेवटून दुसऱ्या पट्ट्यात मशीन गुरगुरलं. त्याने तबकडी मागे घेतली, आडवी फिरवली. पुन्हा तेच.

वीतभर खाली दोन खिळे निघाले. गंजून बोटाएवढे जाड झालेले. एक सरळ होता. दुसरा अर्ध्यातून वाकला होता आणि त्याचं डोकं कोणीतरी ठोकून ठोकून आडवं केलं होतं.

कचऱ्याचा खिसा डावा. सवयीने त्याचा हात तिकडे गेला, तेवढ्यात मावशी पाठीशी येऊन उभी राहिली. तिने तळहात पुढे केला.

"वाकडा माझा," ती म्हणाली. "दोनी माझेच हायेत."

ती तिथेच मातीत बसली. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता बाप तापाने गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. अर्धी वाडी आधीच उठून गेली होती, दुसरा सुतार नव्हता, आई धाकट्याला घेऊन भिंतीला टेकून बसलेली. बापाला क्रूस हवा म्हणून पोरीने बाजेच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि बापाचाच हातोडा. खाच पाडायला तिला येत नव्हती. एक खिळा वाकला, तो तिने तसाच ठोकून बसवला. पाळकसाहेबांनी क्रुसाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि प्रार्थनेला सुरुवात केली. आठ दिवसांत राहिलेली वाडीही उठली.

"बावन्न वर्सं कुनाला बोलले न्हाई. त्यानं जन्मभर टाळलं, आन् मी त्याच्याच उशाला ठोकले."

"पण मावशी, तुम्ही ठोकले नसते तर आज..."

"कळतंय मला," ती म्हणाली, आणि मग रडली. आवाज न करता, बराच वेळ. अँड्र्यू हेडफोनची वायर गुंडाळत उभा राहिला.

दुपारी कमिटीने खणायला लावलेला वाल्मिक आणि त्याचा जोडीदार आले. त्यांनी सांभाळून खणलं. निघालं ते पेटीच्या तळाशीच मावलं. मावशीने ते पांढऱ्या कापडात स्वतः गुंडाळलं आणि दोन्ही खिळे पदराच्या टोकाला बांधले. वाल्मिकने कागदावर यशया मिस्त्रीचं नाव लिहून घेतलं. वाडीच्या भिंतींकडे जायचं अँड्र्यूच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

पेटी मावशीने सुताराला बजावून नुसत्या फेव्हिकॉलवर जोडून घेतली होती. तरी झाकण बसवायला म्हणून त्याने खिळ्यांची पुडी दिलीच होती. वाल्मिकने झाकण ठेवलं, पुडी फोडली आणि हातोडा उचलला.

मावशीने त्याच्या हातातली पुडी काढून घेतली आणि अँड्र्यूकडे दिली. पिशवीतून सुतळीचं बंडल काढलं, पेटीभोवती दोन आडवे, दोन उभे वेढे घेतले आणि गुडघे टेकून गाठ मारू लागली. सुतळी नवी होती, पहिला पेच सारखा सुटत होता.

"अँड्र्यूभाऊ," ती म्हणाली, "जरा बोट ठेवा इथं."

अँड्र्यूने मशीन खाली ठेवलं, तिच्या समोर बसला आणि गाठीवर बोट दाबून धरलं.