ब्रिसॉन राजा खडकावर गेला ती गोष्ट

चाच्यांची जहाजं बुडवून आम्ही परतलो, तेव्हा जिंकलेल्या ढाली आमच्या ब्रिसॉन राजाने समुद्रदेव पोसायडनच्या देवळात टांगल्या नाहीत. मेलेल्या सैनिकांच्या घरी पाठवून दिल्या.

"महाराज, समुद्र देवाचा आहे," पुजारी पायथिओस म्हणाला.

"असेल. वल्ही मात्र आमची होती."

मी राजाचा सारथी, शेजारीच उभा होतो.

थोड्याच दिवसांत गावच्या विहिरी खारट झाल्या. आधी शेळ्या मेल्या, मग तान्ही मुलं तापाने फणफणली. पायथिओसने देवाचा कौल आणला: राजकन्या मेलिताला किनाऱ्यावरच्या खडकाला बांधा. देव तिला नेईल, पाणी गोड होईल.

लोक रिकाम्या घागरी घेऊन राजवाड्यासमोर जमले. फिलिना कुंभारीण तडक पुढे आली. "तोरा तुझा, आणि घसे आमच्या पोरांचे कोरडे! हा कुठला न्याय?"

राजाने तिला गप्प केलं नाही. "खरं आहे, बाई. बोललो मी. खडकावर मीच जातो."

"देवाने मुलगी मागितलीय!" पायथिओस ओरडला.

"मग त्याला म्हणावं, आधी बापाला ओलांड."

मेलिताने त्याचा हात धरला. "बाबा, मागा ना एकदा माफी. काय जातंय तुमचं?"

"नुसतं माझ्यावर रागावला असता तर मागितलीही असती गं. पण हा तान्ह्या मुलांना छळून माफी वसूल करतोय. याच्यापुढे नाही वाकायचं."

मी त्याला रथातून किनाऱ्यावर नेलं. "थेरॉन, घोडे घे आणि मागे फीर," तो म्हणाला. मी घोडे सोडून दिले आणि तिथेच उभा राहिलो.

"बहिरा झालास का?"

"झालो, महाराज."

त्याने दुसरा भाला माझ्या हातात दिला.

समुद्र मागे हटला आणि लाटेतून बैल उठला, करडा, डोंगराएवढा. राजाचा पहिला भाला त्याच्या कपाळावर मोडला. बैलाने त्याला खडकावर चेपलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. राजाने पडल्या पडल्याच शिंग पकडलं आणि खेकसला, "बघतोस काय? दे!" मी भाला दिला. त्याने तो बैलाच्या गळ्यात खुपसला. रक्त आलंच नाही. सगळा बैल पाणी होऊन आमच्या अंगावर कोसळला.

राजाला उचलून गावात आणलं. फिलिनाने विहिरीचं पाणी शेंदून चाखलं आणि खाली बसून रडायला लागली. पाणी गोड झालं होतं.

"देव प्रसन्न झाला!" पायथिओस म्हणाला.

"प्रसन्न कसला? हरला," राजा कण्हत म्हणाला.

त्याच्या मोडलेल्या पायाला फळ्या बांधणारी मेलिता रडता रडता हसली. "बाबा, आता तरी गप्प पडा."

"पडतो. थेरॉन, कोळ्यांना सांग, उद्या होड्या काढा. कुणी घाबरलं तर मला पुढच्या होडीत ठेवा."

सगळेच घाबरले होते. सकाळी चौघांनी त्याला उचलून पुढच्या होडीत ठेवलं, आणि मेलिता कुणालाही न विचारता त्याच्या शेजारी जाऊन बसली.