पेजचाट्यांच्या शाळेतला लाल स्वेटर

सकाळी बरोबर आठ वाजून वीस मिनिटांनी माझा दुसरा जन्म झाला. वेळ पक्की आठवते, कारण शेजारच्या न्हाव्याच्या रेडिओवरची बाई तेव्हाच वेळ सांगत होती. त्याच क्षणी कुणीतरी गाठोड्याची पट्टी कच्चकन कापली आणि मी उजेडात पडलो. मी एक लाल स्वेटर बोलतोय.

पहिला जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. एका आईनं आपल्या लेकासाठी मला विणलं. गळ्यापाशी तिचा अंदाज जरा चुकला, त्यामुळे माझा गळा तंगच राहिला. त्या पोरानं मला दोन हिवाळे अंगात घातलं. मग तो वाढला आणि मी होतो तेवढाच राहिलो. आमच्या जातीचं हेच दुःख.

एके दिवशी आईनं मला धुऊन, घडी घालून एका पिशवीत ठेवलं. पिशवीवर लिहिलं होतं, ‘आफ्रिकेतल्या गरीब मुलांसाठी’. तिची बहीण बाजूला बसली होती. म्हणाली, "अगं, तिकडे स्वेटर कशाला? तिथलं ऊन काय कमी आहे? आणि ती पोरं बिचारी उघडीच हिंडतात. फोटोत बघतेस ना?" आईनं माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि पिशवीची गाठ मारली. हात मायेचा होता, एवढं मी सांगतो.

जहाजाच्या पोटात आम्ही शेकडो कपडे एकमेकांच्या उरावर दाबून बसलो होतो. सगळ्यांची बोलणी एकच. तिकडे उघडं, रडकं पोर आपली वाट बघत असणार. आपण जायचं आणि त्याला पोटाशी धरायचं.

आणि झालं काय? आफ्रिकेतल्या डेड्झा नावाच्या गावच्या बाजारात मी एका ढिगात येऊन पडलो. इथे अशा कपड्यांना कौंजिकाच म्हणतात, म्हणजे ढिगातले. गाठोडं फुटलं तशा बायका तुटून पडल्या. एका तरुण बाईनं मला उचललं, उलटं केलं, बगलेत नाक खुपसून वास घेतला, शिवण ओढून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"हा होय? कोपरं बघा याची. आणि गळा केवढासा! माझ्या पोरीला डोकं आहे, लिंबू नाही."

"ताई, विलायती लोकर आहे," दुकानदार म्हणाला.

"असेल. विलायतेच्या पोरानं कोपरं घासून ठेवलीत, मग तुम्ही किंमतही घासून द्या की!"

तिचं नाव एनेलेसी. गावात मात्र तिला सगळे तियामिकेची आईच म्हणतात. तिनं सगळा ढीग दोनदा उपसला, मला तीनदा खाली टाकलं आणि शेवटी मलाच घेतलं. फुकट दिलेला मी असा विकला गेलो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनाला लागलं. पण पुढे कळलं की दया म्हणून मिळालो असतो तर तिनं मला असं पारखून घेतलंच नसतं. मी पसंत पडून त्या घरात गेलो.

घरी चार वर्षांची तियामिके होती. ती रडकी नव्हती आणि उघडीही नव्हती. मला बघून तिनं आधी माझी बाही चावून पाहिली.

इकडे हिवाळा जूनमधे येतो. डेड्झाच्या डोंगरावरून वारं उतरतं तेव्हा पहाटेचं गवत पांढरं होतं आणि दातावर दात वाजतात. तियामिकेची छाती कफाची. एनेलेसीचा जीव सारखा टांगणीला.

"खोकलीस का गं?"

"नाही आई, हसले."

"मग हळू हस."

पोर हसली तरी आईला खोकल्यासारखं वाटायचं. लेकीला झोपवताना ती माझ्यावरून छातीवर तळहात ठेवायची आणि काढायलाच विसरायची. त्या हाताखाली मी अगदी गप्प पडून राहायचो.

गावात लहान पोरांची एक शाळा होती. चर्चच्या पडवीत भरायची. अशा शाळेला इकडे म्कोंबाफाला म्हणतात, म्हणजे पेजचाटे. पोरं पेज पितात आणि मग बोटांनी भांडं चाटूनपुसून लख्ख करतात, म्हणून हे नाव. ही शाळा कुणी बाहेरून येऊन काढलेली नव्हती. घरोघरच्या बायका ताटभर मक्याचं पीठ आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट द्यायच्या. आगोगो नासिबेको, म्हणजे आपल्या नासिबेको आजी, ती पेज शिजवायच्या. काही पोरांना आईबाप नव्हते. ती कुणा ना कुणाच्या घरी वाढत होती. वाटी पुढे आली की आजी भरायच्या. तू कुणाचा, असं कुणी विचारत नसे.

त्या साली मात्र पाऊस मधेच दडी मारून बसला. मक्याची कणसं बोटाएवढी राहिली. पिठाचं ताट होतं त्याची वाटी झाली, वाटीची मूठ झाली. काही घरांत संध्याकाळची चूल पेटेना. पोरांच्या पोटात दिवसभरात खात्रीनं पडायची ती शाळेतलीच पेज, आणि तीही आता महिनाभर पुरेल की नाही अशी.

अशात शहरातल्या एका संस्थेचा निरोप आला. काचिंग्वे नावाचे साहेब शाळा बघायला येणार होते. ते फोटो काढून परदेशी पाठवणार, तिकडचे लोक पैसे देणार, आणि त्यातून पुढच्या पिकापर्यंत पीठ मिळणार.

निरोपातलं बाकी सगळं बायका विसरल्या. एकच गोष्ट डोक्यात राहिली, पाहुणे येणार!

मग काय विचारता! आदल्या दिवशी ओढ्यावर नुसता साबणाचा फेस. पोरांना घासघासून न्हाऊ घातलं. वेण्या घातल्या. कुणी भावाचे बूट आणले, कुणी जावेच्या पोरीचा फ्रॉक. आणि सकाळी व्हॅसलीन! इकडे पोरांचे गुडघे पांढुरके दिसले तर आईची मान खाली जाते. गुडघे असे चमकले पाहिजेत की त्यात पाहुण्याला आपलं तोंड दिसावं. एनेलेसीनं माझ्या फाटक्या कोपरावर रफू केलं. लाल दोरा नव्हता, निळाच घातला. कोळशाच्या इस्त्रीनं मला कडक केलं. मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका.

काचिंग्वे साहेब आले. बायकांनी गुडघे टेकून नमस्कार केला. पोरांनी गाणं म्हटलं. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"हीच मुलं का?"

"नाही, भाड्यानं आणलीत," आजी म्हणाल्या.

साहेब कसनुसं हसले. "आजी, रागावू नका. पण ही गरीब दिसत नाहीत."

एनेलेसी म्हणाली, "दिसायला हवीत का?"

माणूस वाईट नव्हता हो. त्याला घाम फुटला होता. "ताई, माझ्या आईनंही मला असंच चोळून उभं केलं असतं. पण तिकडचे लोक फोटो बघून देतात. चमकते गुडघे बघितले की म्हणतात, यांना काय कमी आहे? स्वेटर, बूट काढा. जरा मातीत बसवा. पाच मिनिटांचं तर काम. पीठ हवंय ना?"

पीठ हवंच होतं. एका आईनं मान खाली घालून लेकाच्या बुटाची नाडी सोडली. दुसरीनं फ्रॉकचं बटण काढलं. एनेलेसी लेकीपुढे बसली आणि तिनं माझी कड धरली.

तिनं मला वर ओढलं. वारं पोरीच्या पोटाला लागलं तशी ती शहारली. माझा तंग गळा तिच्या डोक्यात अडकला. माझ्या आत अंधार, व्हॅसलीनचा वास आणि तिचा गरम श्वास. त्या अंधारातून पोर म्हणाली, "आई, पाहुण्यांना माझा स्वेटर आवडला नाही का गं?"

एनेलेसीचे हात थांबले. मग तिनं मला हळूच खाली ओढलं, कड सरळ केली आणि उठून उभी राहिली.

"नाही काढणार, साहेब. तिला खोकला आहे. आणि पाहुण्यांपुढे माझी लेक उघडी बसणार नाही."

"अगं एनेलेसी," नाडी सोडणारी बाई कळवळून म्हणाली, "तुला एकटीलाच पोर आहे का? पेज बंद झाली तर माझ्या लेकाच्या पोटात काय घालू मी?"

"मला कळत नाही का? मला तरी झोप लागते का गं?" एनेलेसीचा आवाज फाटला. "पण आज पोरांना उघडं केलं, तर उद्या म्हणतील रडवा. मग रडवू का?"

"भांडणं मागाहून," आजींनी लाकडी डाव आपटला. "पेज गार होतेय. आधी पोरं, मग साहेब."

पोरं पेज प्यायली. तियामिके दोन वाट्या प्यायली. आणि मग आजींनी रिकामं पातेलं खाली ठेवलं. झालं! खरवडीवर झुंबड उडाली. तळाशी लागलेली ती खमंग, तांबूस खरवड म्हणजे पेजचाट्यांचा जीव की प्राण. तियामिकेनं दोघांना ढकललं आणि डोक्यासकट पातेल्यात शिरली. माझी बाही कोपरापर्यंत पेजेत. एनेलेसी ओरडली, "अगं, इस्त्रीचा आहे तो!" पोरीनं डोकं वर काढलं. नाकाला पेज, गालाला काजळी, पाची बोटं तोंडात, डोळे मोठे.

खट्.

"मिळाला!" साहेब आनंदानं ओरडले. "हाच फोटो! रिकामं भांडं चाटणारी भुकेली मुलगी. आता काही काढायला नको. पीठ आलंच समजा."

बायका त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पहिल्यांदा आजींना हसू फुटलं. हातातला डाव पडला. मग सगळी पडवी हसायला लागली. साहेबांना काही कळेना.

"भुकेली?" आजी डोळे पुसत म्हणाल्या. "दोन वाट्या रिचवल्यात तिनं! खरवडीचं भांडण आहे ते. काय हो, तुमच्या आईनं तुम्हाला कधी खरवड दिली नाही?"

साहेब ओशाळले. "दिली की. आम्ही चार भावंडं. मारामाऱ्या व्हायच्या."

एनेलेसी हसत नव्हती. माझी बाही पिळता पिळता ती विचार करत होती. "साहेब, फोटो पाठवा. पण खाली खरं लिहा. ही तियामिके. हिचं पोट भरलेलं आहे. खरवड हिच्या आवडीची आहे. गावातलं पीठ संपत आलंय, पुढच्या महिन्यातही पातेल्याला खरवड लागावी म्हणून मदत हवी."

"ताई, असं लिहिलं तर कोण देईल?"

"ज्याच्या घरात पोरं खरवडीला भांडतात, तो देईल."

साहेबांनी बाकीच्या बायकांकडे पाहिलं. नाडी सोडणाऱ्या बाईनं लेकाचा बूट पुन्हा बांधायला घेतला होता. "लिहा तसंच," ती खालमानेनं म्हणाली. "बघू काय होतं ते."

साहेब गेले. त्यानंतरचे दिवस एनेलेसीनं कसे काढले ते मला ठाऊक आहे, कारण रात्री तिचा हात माझ्यावर असायचा आणि ती जागीच असायची. पेज पातळ होत चालली होती. कुणी तिला तोंडावर बोललं नाही, पण पाणवठ्यावर ती आली की बोलणी थांबायची. आपली स्वतःची भाकरी लाथाडता येते. पण दुसऱ्याच्या लेकराच्या वाटीचा निर्णय आपण घेऊन बसलो, ही बोच तिला खात होती. रोज ती आपल्या वाटणीच्या न्सिमाचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याचं, पीठ आधीच बाजूला काढायची आणि शाळेत देऊन यायची.

पातेल्यात खरवड लागेनाशी झाली तेव्हा पिठाचा ट्रक आला. काचिंग्वे साहेब चुलीपाशी बसले, त्यांनी आधी वाटीभर पेज मागून घेतली आणि मग बोलले.

"काहींनी कळवलं, भरल्या पोटाच्या पोरीला मदत कशाला? त्यांनी दिलं नाही. पण एका बाईनं लिहिलं, माझी तिघं खरवडीला भांडतात, ही चौथी समजून वाटा पाठवते. तसे बरेच निघाले. सगळं पिकापर्यंत पुरेल असं नाही सांगत मी."

पुरलं नाहीच. भोपळे तयार होईपर्यंत पुरलं. पुढचे दिवस गावानं आपसात ओढून नेले. पण शाळेची चूल एकही दिवस बंद राहिली नाही. ट्रक आला त्या संध्याकाळी नाडीवाली बाई एनेलेसीकडे आली आणि टोपलीभर शेंगा ठेवून गेली. एनेलेसी मला छातीशी धरून खूप वेळ रडली. मी ओलाचिंब झालो. असं ओलं व्हायला माझी काही तक्रार नाही.

आता तियामिके मोठ्या शाळेत जाते. मी तिला आखूड होऊन पोटावरच राहायला लागलो, तेव्हा तिनंच मला मायामिकोच्या डोक्यातून घातलं. मायामिको नासिबेको आजींजवळ वाढतो. त्याला आईबाप नाहीत, पण गुडघे बघा त्याचे, आरशासारखे! माझी एक बाही आखडली आहे, रंग विटला आहे, पेजेचा एक डाग काही केल्या जात नाही. दोन-चार हिवाळे अजून निघतील.

तुम्ही कुणाला काही देत असाल तर जरूर द्या. दिलेलं पोचतं, कधी वेगळ्या वाटेनं पोचतं, पण उपयोगी पडतं. फक्त समोरचं पोर मळकं, रडकं असेल तरच देईन, असा हट्ट धरू नका. त्याला न्हाऊ घालणारं कुणीतरी असतं. पाहुणे येणार म्हणून तिनं सकाळपासून धावपळ केलेली असते.

आणि एक काम करा माझं. तो फोटो अजून फिरतोय म्हणतात, आणि फिरता फिरता खालची ओळ कुठेतरी गळून पडली आहे. उद्या तो तुमच्यासमोर आला आणि शेजारची बाई "बिचारी!" म्हणाली, तर तिला सांगा. ती तियामिके आहे. तिचं पोट भरलेलं होतं. दोघांना ढकलून तिनं ती खरवड मिळवली होती. एवढं सांगा, आणि त्या बाईला म्हणावं, तूही पुढे सांग.