हॉर्नची जागा

बन्सीभाऊंच्या ऑर्केस्ट्रात मी एकोनीस वर्सं गाते. मी स्टेला, राहनार संगमनेर. नाव कोनाच्या लक्षात राहत न्हाई, पन 'माझ्या माहेरच्या गाडीला हॉर्न न्हाई' म्हनलं की आपल्या जिल्ह्यात पोरंसोरं बी सांगत्यात, व्हय, ती हॉर्नवाली बाई. चौदा वर्सांपूर्वी ते गानं रेकॉर्ड झालं. कडव्याच्या शेवटी 'हॉर्न' हा शब्द वर न्यायचा आन् तानायचा. मी सोळा मोजस्तोवर तानायचे, आन् खाली पब्लिक ट्रकवाल्यागत पोंपों करायचं. लोक त्या एका जागेसाठी येत्यात. बाकीची गानी मी फुकट म्हनते असं समजा.

गेल्या वर्सी गळ्याला गाठ आली. थायरॉईडचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्यासंगं वरचा आवाज बी गेला. सहा महिने नुस्तं बोलताना बी घसा घरघरायचा. माझा धाकटा भाऊ जस्टिन ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आमी दोघं चर्चच्या गायनमंडळात शिकलो. त्यानं मला रोज सकाळी बसवलं, पट्टी दोन सूर खाली घेतली आन् ते गानं परत हुभं केलं. खालच्या पट्टीत हॉर्न लागायचा, पन कदी सहा मोजस्तोवर टिकायचा, कदी तीनवरच फाटायचा.

मग घोडेगावच्या पुढच्या एका गावातनं यात्रेची सुपारी आली. कमिटीनं हॉर्नवालीच मागितली. बन्सीभाऊ मला म्हनले, "स्टेला, ट्रॅक लावू. तुझाच जुना आवाज हाय, तू नुस्ते ओठ हलव. आता समदेच तसं करत्यात."

"समदे करत्यात म्हनून मी करू? माझ्याच गान्याला मी बाहुलीगत तोंड हलवू व्हय?"

"मग ऐक. यात्रेत जमलं तर गानं तुझं. न्हाई जमलं तर तिथनं पुढं ते पूजा म्हनंल, आन् तू निवेदन कर."

पूजा आमची नवी गायिका, चोवीस वर्सांची. गुनी पोर हाय, तिचा राग न्हाई मला. राग आला तो निवेदनाचा. माझं गानं दुसरी म्हननार, आन् मी नटूनथटून तिची वळख करून देनार? त्यापरीस घरी बसून शेवया वळलेल्या काय वाईट. ट्रॅक लावायचा न्हाई, असं मी जस्टिनला बी बजावून ठेवलं.

यात्रेत सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. देवळाम्होरचं मैदान गच्च. पाचवं गानं माझं. जस्टिननं सुरुवातीची धून वाजवली आन् निम्मं मैदान हुभं राहिलं. पहिलं कडवं नीट गेलं. घामानं माईक हातातनं सटकत हुता. जागा आली. मी डोळे मिटले, पोटातनं दम घेतला आन् हॉर्न वर नेला.

लागला. असा लागला की काय सांगू. सहा झाले, आठ झाले, दहा झाले. देवाशपथ, मला वाटलं गेलेला आवाज देवानं परत दिला. डोळ्यांत पानी आलं. दम संपला, आन् मी तोंड मिटलं.

हॉर्न चालूच हुता.

माझं तोंड बंद, आन् स्पीकरमधनं मीच गात हुते, चौदा वर्सांपूर्वीची. मी मान वळवून जस्टिनकडं बघितलं. त्याचा डावा हात लॅपटॉपवर हुता, आन् तो माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं जुनं रेकॉर्डिंग दोन सूर उतरवून गुपचूप तेवढ्या जागेला चिकटवलं हुतं. जीव आमच्या दोघांचा एकमेकांवर लई हाय, पन त्या वक्ताला मला तो कीबोर्डसकट खाली ढकलावासा वाटला.

पब्लिकला कायबी कळलं न्हाई. शिट्ट्या, पोंपों, टोप्या उडाल्या. कडेला बन्सीभाऊ टाळ्या वाजवत हुते. म्हंजी माझं काम झालं हुतं. गप राहिले असते तर गानं माझं, पुढच्या तारखा माझ्या. मनात आलं बी, जाऊ दे की बाई, कोनाला कळतंय? पन मला कळलं हुतं ना.

"थांबवा," मी माईकवरच म्हनले. वाजवनारे थांबले. एकोनीस वर्सांत मी चालू गानं कदी थांबवलं नव्हतं.

"मंडळी, आत्ता ऐकला तो हॉर्न रेकॉर्डवरचा हुता. माझं गळ्याचं ऑपरेशन झालंय. आता आवाज तेवढा जात न्हाई. जेवढा जातोय तेवढा ऐकवते. ज्यांला ऐकायचाय त्यांनी थांबा."

मागनं एक जन वरडला, "ओ ताई, ट्रॅकच लावा की, भारी हुता." हशा पिकला. कमिटीचे अध्यक्ष कानिफनाथ स्टेजच्या कडेला आले आन् म्हनले, "ताई, लोक खूश हुते, कशाला उकरून काढलं?"

"दादा, तुमी बोलावलंय मला. मग मला गाऊ द्या." आन् जस्टिनला म्हनले, "लॅपटॉप मिट. कडव्यापासनं घे."

हॉर्न घेतला. चारवर फाटला, कोंबडा आरवल्यागत. लोक हसले. पोरांची एक आख्खी रांग उठून पाळन्यांकडं निघाली. माझे कान तापले. पन माईक मी खाली घेतला न्हाई. "हसा," म्हनले, "परत घेते."

जस्टिन पुढं गेला न्हाई. मी दम घेईस्तोवर त्यानं तोच सूर धरून ठेवला. मी दुसऱ्यांदा वर गेले. आवाज खरखरीत हुता, ट्रकचा कसला, जुन्या लुनाचा हॉर्न म्हना. पन फाटला न्हाई. पाच, सहा, सात. सातवर मी आपनहून सोडला.

टाळ्या आल्या. बायकांच्या बाजूनं जास्त, बाप्यांच्या बाजूनं निम्म्याशिम्म्या. मी गानं पुरं केलं आन् स्टेजमागं आले.

बन्सीभाऊ वाटच बघत हुते. "लई येडी हायस तू," म्हनले. मग म्हनले, "राहुरीच्या कार्यक्रमात बी गानं तूच म्हन. पन आधी ते ऑपरेशनचं सांग. लोक हळहळत्यात, ऐकून घेत्यात."

"ते आता कुठंच सांगनार न्हाई. मी गायला येते भाऊ, आजारपन दाखवायला न्हाई. आवडलं तर टाळ्या वाजवत्याल, न्हाई आवडलं तर उठून जात्याल."

ते न्हाई म्हनले न्हाईत, एवढं खरं.

जस्टिन लॅपटॉप छातीशी धरून हुभा हुता. "ताई, एवढ्या लोकांत तुझी फजिती मला बघवली नसती."

"मग डोळे मिटायचे. पुसून टाक ते रेकॉर्डिंग, माझ्याम्होरं."

"ताई, असा हॉर्न परत कदी..."

"न्हाई लागनार. ठाऊक हाय मला. पूस."

त्यानं पुसलं. आन् मग मलाच रडू फुटलं, हमसून हमसून. पूजा बघत हुती, ढोलकीवाला बघत हुता, पन मला थांबता येईना. "लई चांगली गात हुते रे मी," मी जस्टिनला म्हनले. त्यानं मान हलवली. पूजानं पान्याची बाटली म्होरं केली. मी दोन घोट प्याले, पदरानं तोंड पुसलं आन् परत स्टेजवर गेले. माझी अजून चार गानी बाकी हुती.