तेराव्याची घंटा

हेस्टरने गोल्फचा चेंडू टीच्या खुंटीवर ठेवला, उचलला, पँटला पुसला आणि पुन्हा ठेवला. घंटा अजून वाजली नव्हती.

समोर शंभरेक पावलांवर टेकाडाची कड होती. कडेपलीकडचं काही दिसत नव्हतं. बर्स्टो हीथ या माळावरच्या गोल्फ मैदानाचं तेरावं होल आंधळं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याने कुणी ते आखलं त्याने टेकाडाला हात न लावता खेळ त्याच्यावरून नेला होता. मारणाऱ्याने खाली थांबायचं. पुढे गेलेल्याने पलीकडे उतरून वाट मोकळी आहे ना ते बघायचं आणि खांबावरची घंटा वाजवायची. मग मारायचं.

ती आणि तिचे वडील दर रविवारी दोघांत एकच चेंडू खेळत. एक फटका तिचा, पुढचा त्यांचा. विषम आकड्याच्या होलवर सुरुवात ती करायची, सम आकड्याच्या होलवर ते. एक जण मारत असताना दुसऱ्याने पुढे चालू लागायचं ही इथली जुनी रीत. त्यामुळे डेस्मंड टॅरंट मघाशीच कडेपलीकडे उतरले होते. आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग पाठ, सगळ्यात शेवटी तपकिरी टोपी.

त्याला किती वेळ झाला असेल? नेहमी ती मनात चाळीस म्हणायच्या आत घंटा वाजायची. दोन ठोके. आज ती नव्वदपर्यंत आली होती.

तिने पिशवीच्या बाजूच्या खिशात हात घातला. लाल टोपणाची छोटी बाटली जागेवर होती.

पाच आठवड्यांपूर्वी क्लबच्या आवारात, गाडीच्या उघड्या डिकीआड उभं राहून त्यांनी ती तिच्या हातात कोंबली होती. छातीत दुखायला लागलं तर जिभेखाली दोनदा मारायचा फवारा. डॉक्टरांनी चढ नको, जोराचं काम नको म्हणून सांगितलं होतं.

"मग खेळायचं कशाला?" ती म्हणाली होती.

"मग जगायचं कशाला? मम्मीला सांगू नकोस. ती मला खुर्चीत बसवून अंगावर शाल घालील, आणि मी शालीने मरेन."

ती हसली होती. हसल्यावर मग नाही म्हणता येईना.

आज दहाव्या होलपाशी, टपरीवाल्या मॉरीनच्याही त्यांचा पांढरा पडलेला चेहरा लक्षात आला होता.

"काय रे डेस्मंड, तोंडाला पीठ लावून आलास?"

"बायको ॲपल पाय लाटत होती. उडालं असेल."

"उडालं असतं तर टोपी पण पांढरी झाली असती. बस घटकाभर."

"बसलो की तू आणखी एक सॉसेज रोल गळ्यात मारशील. तीस वर्षं ओळखतोय तुला."

"एकतीस," मॉरीन म्हणाली. पण चहा देताना तिने हेस्टरकडे पाहिलं, आणि हेस्टरने किटलीकडे.

एकशे दहा. एकशे अकरा. वारा पडला होता. दोन्ही बाजूंचं हेदरचं झुडपी रान फुलांचा बहर सरून गंजल्यासारखं तांबूस झालं होतं, आणि त्यात कुठेतरी काहीतरी सरसरलं. सप्टेंबरच्या उन्हात इथे साप पडून असतात. हेस्टरला सापांची भीती नव्हती. कडेपलीकडे गवतावर टोपी एकीकडे आणि माणूस एकीकडे, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तिने एक पाऊल पुढे टाकलं. दुसरं टाकलं नाही. धावत वर गेलं आणि ते तिथे खांबाला टेकून मजेत उभे असले तर? आपली मुलगी आपल्याकडे कसल्या नजरेने बघते आहे, हे त्यांना कळलं असतं. त्यानंतर रविवार उरला नसता.

घंटा वाजली. एकच ठोका.

हेस्टरने श्वास सोडला आणि नीट न उभी राहताच मारलं. मनगटं तिची नव्हतीच जणू. चेंडू कडेवरून जाताना उजवीकडे वळला.

ती वर पोचली तेव्हा डेस्मंड खांबाला टेकून उभे होते. घंटेची दोरी हातातच होती, बस थांबेपर्यंत माणूस वरचा दांडा धरून ठेवतो तशी.

"वा! थेट सापाच्या माजघरात पाठवलंस मला."

चेंडू गुडघाभर हेदरमध्ये रुतला होता. त्या झुडपाची खोडं तारेसारखी असतात, काठीला विळखा घालतात. तिथून चेंडू काढायचा म्हणजे घाव घालावा लागतो. आणि फटका आता त्यांचा होता.

हेस्टरने तोंड उघडलं. त्यांनी बोट वर केलं.

"आपल्या खेळात सॉरी म्हणायचं नसतं."

तो त्यांचा लाडका नियम होता. तू मला खड्ड्यात घालणार, मी तुला झाडाखाली. मग माफी मागत बसलो तर अंधार पडेल. बारा वर्षांच्या हेस्टरला त्यांनी काठी धरायच्या आधी हे शिकवलं होतं.

"हा सोडून देऊ या," ती म्हणाली. "नवा चेंडू टाकू."

"सोडायला काय झालं?"

ते हेदरमध्ये उतरले, पाय रोवले, आणि काठी उगारून घाव घातला. माती, मुळं, तुटकी खोडं उडाली. चेंडू बाहेर आला, वाटेवर टप्पा घेऊन थेट गवतावर जाऊन थांबला. फटका सुंदर होता. डेस्मंड वळले तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. ते डाव्या मनगटावरचं घड्याळ सारखं करत होते. घड्याळ सरळच होतं.

"बघितलंस?"

"बघितलं."

घरी जाऊ या. तीन शब्द. तिच्या जिभेवर येऊन ते थांबले. तिने बाटलीच्या खिशावर हात ठेवला. त्यांनी तो हात पाहिला आणि नकाराची मान हलवली.

"चौदावं माझं," ते म्हणाले आणि चालू लागले.

अठराही होल पूर्ण झाली. संध्याकाळी घरी आईने, एव्हरिलने, ॲपल पाय कापता कापता विचारलं, "कसा झाला खेळ?"

"झकास," दोघं एकदमच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेस्मंड जिन्याच्या खालच्या पायरीवर बूट घालायला बसले. एक बूट घालून झाला होता. दुसरा हातातच राहिला.

*

मेमध्ये एक दिवस एव्हरिल फोनवर म्हणाली, "रविवारी मला घेऊन चल हीथवर."

"फिरायला?"

"खेळायला. एकच चेंडू. तुम्ही खेळायचात तसं."

"मम्मी, तू वीस वर्षांत काठी धरलेली नाहीस. तुझा खुबा—"

"खुबा माझा आहे. तू नऊला ये."

हेस्टरने पिशवी आठ महिन्यांत उघडली नव्हती. उघडायचीही नव्हती. आठ महिने ती आईच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायली, कागदांवर सह्या करायला मदत केली, त्यांचे कोट दान केले. आणि दर वेळी आई "हेस्टर" म्हणून थांबली की ती कप विसळायला उठे. आता विचारणार. तुला माहीत होतं का? त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द उच्चारल्यावर या जगात उरलेलं एकुलतं एक माणूस आपल्याकडे कसं बघेल, ते तिला बघायचं नव्हतं.

एव्हरिल निळ्या पावसाळी कोटात आली. ऊन स्वच्छ होतं, तरी कोट. ती हळू चालत होती, वाईट खेळत होती आणि प्रत्येक फटक्यानंतर स्वतःलाच रागावत होती. टपरीवर मॉरीनने सवयीने विचारलं, "दोन चहा, तीन चमचे साखर?" मग तिचा चेहरा पडला.

"दे तीन," एव्हरिल म्हणाली. "त्याची मी घेते. मला कधी घेऊ देत नव्हता."

"स्वतः मात्र घ्यायचा, चोर."

"चोरच होता," एव्हरिल म्हणाली आणि चहा ढवळत राहिली.

तेराव्यावर आल्यावर हेस्टरला वाटलं होतं, आई म्हणेल हे राहू दे. पण एव्हरिलने कोटाची बटणं लावली.

"मी पुढे जाते. घंटा वाजवायची ना?"

"दोनदा," हेस्टर म्हणाली.

निळा कोट चढ चढू लागला. मध्ये एकदा थांबला, कमरेवर हात ठेवला, पुन्हा निघाला. आधी पाय दिसेनासे झाले, मग पाठ, मग पांढरे केस.

हेस्टरने चेंडू ठेवला. एक, दोन, तीन. या वेळी हेदर हिरवं होतं आणि गॉर्सच्या काटेरी झुडपांवरच्या पिवळ्या फुलांना गरम खोबऱ्यासारखा वास येत होता. चाळीस. आई म्हातारी आहे, तिला वेळ लागणार. सत्तर. नव्वद. मागे बाराव्या होलच्या हिरवळीवर दोन माणसं येऊन थांबली होती. शंभर. हातातली काठी घामाने निसटायला लागली. एकशे दहा.

एकशे अकरा म्हणायच्या आत तिने काठी टाकली आणि पिशवी खांद्यावर तशीच घेऊन धावत सुटली. चढावर दम लागला. कडेवर पोचेपर्यंत तिने खाली बघितलंच नाही.

एव्हरिल खांबापाशी उभी होती. दोरीला तिने हातही लावला नव्हता.

"मम्मी! घंटा का नाही वाजवलीस?"

"इथून तू दिसतच नाहीस," एव्हरिल म्हणाली. "मला वाटायचं, निदान तुम्ही एकमेकांना दिसत तरी असाल."

हेस्टर धापा टाकत उभी राहिली. एव्हरिलने कोटाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि घंटेच्या खांबाच्या सपाट माथ्यावर ठेवलं.

लाल टोपणाची छोटी बाटली.

"तो गेला त्याआधी वर्षभर खिशात घेऊन फिरत होते," ती म्हणाली. "बाजारात, चर्चमध्ये, अंथरुणात उशीखाली. तुला सांगायचं नाही म्हणाला. म्हणे, हेस्टर माझ्याशी खेळायचं बंद करील." तिने बाटलीकडे बघत श्वास घेतला. "रोज वाटायचं तुला फोन करावा. रविवारी तर वाटायचंच. नाही केला. तू मला काय म्हणायचं ते म्हण आता."

हेस्टरने पिशवीच्या बाजूच्या खिशात हात घातला. चेन अडकली, दोनदा ओढावी लागली. तिने आपली बाटली काढली आणि आईच्या बाटलीशेजारी ठेवली.

एव्हरिलने दोन्ही टोपणांवर एकेक बोट ठेवलं. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्यासारखा.

"चोर," ती म्हणाली. "पक्का चोर."

मागून, टेकाडाखालून कुणीतरी "झालं का?" असं ओरडलं.

"घंटा उशिरा वाजली होती त्या दिवशी," हेस्टर म्हणाली. "मी खालीच उभी राहिले. मग चेंडू मीच तिकडे घातला. तिकडे, त्या हेदरमध्ये. त्यांना काढावा लागला." तिने पिशवी खाली ठेवली. "मला तेव्हा... पण या खेळात सॉरी—"

"मला हा खेळ कधी धड आलाच नाही," एव्हरिल म्हणाली. "तू बोल."

हेदरमध्ये ती जागा कुठली, आता सांगता आलं नसतं. तुटलेल्या खोडांवर नवी पालवी आली होती. हेस्टरने आईचा हात धरला, तिकडे तोंड केलं, आणि समोर कुणी वळून उभं असावं तशा आवाजात म्हणाली,

"डॅडी, घरी जाऊ या. मला भीती वाटतेय."