कोपऱ्यातल्या राजाची कैफियत

मी एक जुना लाकडी राजा आहे. बुद्धिबळातला. रंग पांढरा होता, आता पिवळट पडलाय. मुकुट एकदा तुटला, तो गोंदाने चिकटवलाय, तोही वाकडा.

मित्रांनो, राजा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, काय थाट असेल! कसला थाट? तीस वर्षं मी कोपऱ्यात काढली.

वाशीच्या नजीबनानांनी मला विकत घेतलं, तेव्हा ते न्हावा शेवा बंदरात कस्टमची कागदपत्रं करायचे. साताऱ्याचा जोतीराम ड्रायव्हर ट्रक रांगेत लावून यायचा आणि दोघं डाव मांडायचे. दहा चालींत माझी रवानगी कोपऱ्यात. मग मारामारी. वजीर पडले, घोडे पडले, पट मोकळा झाला, आता माझी पाळी म्हणून मी सरसावतो न सरसावतो तोच गेटवरून गाडीचा नंबर पुकारला जायचा. "राहू दे नाना, उद्या!" तो उद्या कधी उजाडलाच नाही. डावाचा शेवट कसा खेळतात, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं!

हीच विद्या नानांनी नातीला दिली. "राजाला हलवायचं नाय. सांभाळायचं." शायमा अकरा वर्षांची. चौघा मुलांच्या ऑनलाइन संघात खेळते. चौघं आपापल्या घरी, गुण मात्र सगळ्यांचे मिळून. मागच्या रविवारी तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं. पण पोरीने राजा कोपऱ्यात ठेवून एकटं प्यादं पळवलं. समोरचा राजा आडवा आला आणि ते खाऊन बसला. डाव बरोबरीत, अर्धा गुण गेला आणि त्यापायी सामनाही. कप्तान राजलक्ष्मी फोनवर ओरडली, "शायमा, तुझा राजा वर्क फ्रॉम होम करतो का गं?"

मी काचेच्या कपाटातून बघत होतो. हात असते तर कपाळ बडवून घेतलं असतं.

शायमाची आई बतूल म्हणजे पोर शिंकली तरी थर्मामीटर काढणारी. तिने शोधून काढलं की शेवटी राजानेच पुढे चालायचं असतं. मग रोज चपात्या झाल्या की मला कपाटातून काढून ओट्यावर मांडायची, दोन राजे आणि एक प्यादं.

"राजा आधी, शायू. प्यादं मागाहून."

"अगं बतूल, मारतील त्याला!" नाना कळवळले.

"अब्बा, सगळे वजीर मेलेत. मारणार कोण?"

आज परतीचा सामना होता. दीड-दीड गुण, फक्त शायमाचा डाव बाकी. जिंकली तरच संघ टिकणार. खेळताना शेजारी पट नको, कुणी बोलायचं नाही, असा नियम. म्हणून बतूल मला मुठीत धरून स्वयंपाकघराच्या दारातून शायमाच्या संगणकाचा पडदा बघत होती.

पुन्हा तोच डाव! पुन्हा एक प्यादं जास्त. पडद्यावरचा शायमाचा बाण प्याद्यावर गेला. बतूलने मला असं आवळलं की मुकुट निखळला. तिला ओरडता येईना, मला तर तोंडच नाही!

बाण थांबला. मागे आला. राजा एक घर पुढे. मग आणखी एक. समोरचा राजा बाजूला सरत गेला, आणि प्यादं मागून चालत जाऊन वजीर झालं. शायमा जिंकली, संघ टिकला!

मग नानांनी फोन लावला. "जोतीराम, आपले डाव अर्धेच राहिलेत. रविवारी ये. ट्रक आणू नको."

मित्रांनो, माझा मुकुट पुन्हा चिकटवलाय. आणखी वाकडा. चालेल. पण जपायचं म्हणून मला काचेत कोंडू नका, पट मोकळा झाला की चालू द्या. आणि डाव अर्ध्यावर टाकून उठू नका. तुमच्या गाडीचा नंबर थोडाच पुकारलाय!