आणलेली माती

"बाई, या खड्ड्यात कुणाला पुरणार आहात?"

प्रश्न भोंग्याचा नव्हता. शाळेच्या कुंपणाआड लपलेल्या दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. "विचारून दाखव," त्यांतली उंच, लांबी म्हणाली होती, "आठवडाभर तुझं दप्तर मी उचलते." चष्मिसने नुसती मान हलवली होती, म्हणजे साक्षीदार ती.

माळावरच्या त्या चौकोनी खड्ड्यातून आधी टोपी वर आली, मग टोपीखालचा धुळीने माखलेला चेहरा, मग सुरी धरलेला हात.

"जी विचारते तिलाच," बाई म्हणाल्या. "ये, उतर. माप घेते."

कुंपणामागे फिस्सकन हसू फुटलं. आता मागे फिरणं म्हणजे भर मधल्या सुट्टीत नाक कापून घेणं. भोंग्याने ओढणी कमरेला खोचली आणि उडी मारली.

भोंगा हे नाव वडिलांनी ठेवलेलं, आणि तेही अलीकडे. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. भिंती इतक्या पातळ की शेजारच्यांचा खोकला आपल्या ताटात पडावा. तिथे ती 'हळू' या एका शब्दावर वाढली. हळू बोल, हळू चाल, हसायचं तर तेही हळू. वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज घशातच बसकण मारायचा. मग वडिलांनी वस्तीच्या टोकाला, माळाला लागून हे बैठं घर घेतलं, आणि पहिल्याच संध्याकाळी तिने माळाकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली की तिची तीच दचकली. माळाने काही मनावर घेतलं नाही. तेव्हापासून आवाज जो सुटला तो सुटलाच. यंदाच्या संमेलनात निवेदन तिने केलं, आणि माईक बंद पडल्यावर तर जास्तच चांगलं केलं.

आणि आता हेच घर विकायचं चाललं होतं. रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

खड्ड्यात छान गारवा होता. एका भिंतीवर मोजपट्टी लटकत होती आणि ती भिंत सुरीने इतकी साफ केलेली, जणू केकचा तुकडा कापून काढलाय. वरचा वीतभर थर गडद तपकिरी, केसांसारख्या मुळांनी गच्च विणलेला. त्याखाली नुसती खडी आणि गोटे, आणि त्यांच्या फटीफटीत भुरकट माती.

"चिमूटभर घे, ओली कर आणि तळहातावर वळ," बाई म्हणाल्या. त्या माळाच्या मातीचा नकाशा करायला आल्या होत्या, आणि एकट्याने खड्ड्यात बसून कंटाळल्या असाव्यात.

भोंग्याने वळली. वळी होता होताच तिचे तुकडे पडले.

"बघ. चिकणपणा नाही. म्हणून निचरा एकदम झकास. पाणी येतं आणि आपल्या वाटेला लागतं. मुक्काम करत नाही."

"म्हणजे नापास?"

"कोण म्हणालं?"

"माझे बाबा. ते म्हणतात, ही जमीन करंटी आहे."

बाईंनी भिंतीतून एक गोटा उपसला आणि उलटा करून तिच्या हातावर ठेवला. वरून काळसर, खालून पांढराशुभ्र, जणू दुधात टेकवून काढलेला.

"पाणी खाली जाताना सोबत चुना नेतं. दगडाच्या पोटाशी थेंब लोंबकळतो, वाळून जातो, चुना मागे राहतो. मग पुढच्या पावसात दुसरा थेंब. वर उभं राहून हे दिसत नाही." त्यांनी बाटलीतून आम्लाचा एक थेंब त्या पांढऱ्यावर सोडला. चर्रकन फेस आला. भोंगा किंचाळली, आणि बाईंनी कानाला हात लावला.

"माणसांसारखंच हिलाही ओळखायचं असतं," त्या सांगू लागल्या. "आधी मोठा गट, गवताखाली घडलेली माती. मग पोटगट. मग कूळ, यात खडी किती, खोली किती, पाणी किती धरते ते आलं. आणि अगदी शेवटी नाव. जिथे पहिल्यांदा नीट ओळखली, त्या जागेचं."

"मग हिला माझं नाव द्या! किती महिने ओरडतेय मी हिच्यावर!"

"जागेचं म्हटलं मी. पण तू इथेच राहणार असशील तर विचार करू."

भोंगा हातातला गोटा भिंतीत परत खोचू लागली. तिचा आवाज येईना म्हणून कुंपणामागच्या दोघींचंही हसू थांबलं.

मग तिने सगळं सांगून टाकलं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर भिंगातून तीळभर चाकं बघणाऱ्या त्या माणसाला संध्याकाळी काहीतरी मोठं, हिरवं, आपल्या आपण वाढणारं बघायचं होतं. म्हणून तर हे घर घेतलं. मुरमात काय उगवणार म्हणून त्यांनी ट्रॉल्याच्या ट्रॉल्या काळी माती आणून परसात पसरली. टोमॅटो लावले, वांगी लावली, गुलाब लावले. सगळे आधी मान वर करायचे, मग पिवळे पडायचे, मग बसायचे. आई दवाखान्यात नर्स. ती कामावरून आली की वाफ्याकडे बघून विचारायची, "हाही गेला का?" वडील सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे, रोज थोडं जास्तच. शेवटी त्यांनी हात टेकले आणि घर विकायला काढलं, पाणी घालणं तेवढं चालूच ठेवलं.

"तुम्ही लिहून द्या ना, की माती चांगली आहे. शिक्का मारून द्या."

"कशासाठी चांगली, ते आधी लिहावं लागतं." बाईंनी सुरी पुसली. "काळी माती आणून टाकली म्हणालीस?"

"हो. वीतभर, त्याहून जास्तच."

"मग मला नको विचारूस. घरी जा आणि खण. जिथे चांगलं आहे तिथे नाही. जिथे मरतंय तिथे."

घंटा झाली. लांबीने मुकाट्याने तिचं दप्तर उचललं.

*

वडील दुकानातून आले तेव्हा परसात त्यांना मुलीचं फक्त डोकं दिसलं.

"अगं ए! तिथे माझे टोमॅटो होते!"

"होते, बाबा. होतेच."

तिची ओढणी, कोपर, नाक, सगळं काळं झालं होतं. खड्डा बाईंच्या खड्ड्याच्या निम्माही नव्हता आणि एका बाजूने ढासळला होता, पण उरलेली भिंत तिने आईच्या भाजीच्या सुरीने नीट तासली होती. वडील काठावर उकिडवे बसले. सवयीने त्यांनी एक डोळा बारीक केला.

वरची काळी माती चिकट, चमकदार ओली होती. हात लावला की बोटाला येत होती. त्यात टोमॅटोची मुळं होती, तपकिरी, बुळबुळीत. तिने एक ओढलं तर साल हातात आली आणि कुबट वास सुटला. आणि जिथे काळी माती संपत होती, तिथे सुरीने रेघ मारावी तशी रेघ. खाली खडी, कोरडी ठणठणीत. तिने चिमूट घेऊन फुंकली तर धूळ उडाली.

"आज सकाळी पाणी घातलं होतंत ना?"

"घातलं. काल संध्याकाळीही."

"मग ते खाली का गेलं नाही? खडीतून तर पाणी पळतं! मी आजच शिकले."

वडिलांनी वाकून त्या रेघेवर बोट फिरवलं. वर ओलं, खाली कोरडं. पुन्हा फिरवलं.

आई केव्हा येऊन उभी राहिली होती, कुणाला कळलं नव्हतं. दवाखान्याची पिशवी अजून खांद्यावरच होती.

"भांड्यांचा स्पंज जाळीवर ठेवला म्हणून कोरडा होतो का?" ती म्हणाली. "खाली एवढाल्या फटी असतात, तरी तो धरूनच बसतो. पार गळायला लागेपर्यंत पाणी सोडत नाही."

भोंग्याने वडिलांकडे बघितलं आणि तिला एकदम वाटलं की उगाच खणलं. ट्रॉली आली त्या दिवशी त्यांनी स्वतः घमेली उचलली होती. रात्री आईने पाठीला मलम चोळलं, तेव्हा ते पालथे पडून टोमॅटोच्या चटणीच्या गोष्टी करत होते.

"दुकानात एक गिऱ्हाईक येतं," वडील रेघेकडे बघत म्हणाले. "घड्याळ जरा मागे पडलं की घरी उघडतं आणि तेल सोडतं. मग आणखी मागे पडतं, मग आणखी तेल. मी त्याला दर वेळी झापतो. अहो, म्हणतो, मारताय तुम्ही त्याला, प्रेमाने मारताय." ते थांबले. त्यांचे खांदे हलू लागले. भोंगा घाबरली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ते हसताहेत. "एवढं झापतो मी त्या बिचाऱ्याला!"

आईलाही हसू आवरेना. "पेशंट जातोय म्हणून सलाईन वाढवत होता तुम्ही."

"तू नर्स ना घरात? मग बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत, तुमचे पेशंट बुडून मरताहेत!"

भोंगा खड्ड्यातून बाहेर आली आणि कुंपणाच्या कोपऱ्याकडे धावली. काळी माती तिथवर पुरली नव्हती, म्हणून तो कोपरा कुणी कधी विचारातच घेतला नव्हता. तिथे गवत गुडघ्याच्या वर आलं होतं आणि गवतात पिवळी रानफुलं होती, पाणी न घातलेली. तिने दोन्ही हातांनी एक जुडगा ओढला. तो येईना. पाय रोवून ओढला तेव्हा कुठे अर्धा तुटून आला, मुळांत अडकलेल्या गोट्यासकट. गोटा उलटा करून तिने वडिलांच्या हातावर ठेवला.

"खालून बघा."

वडिलांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि ती पांढरी बाजू उजेडाकडे धरून ते बघत राहिले. घड्याळ उघडल्यावर बघायचे तसे, श्वास धरून. आई पिशवी खाली ठेवून खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिने चपला काढून पाय आत सोडले.

"गार आहे गं आत," ती म्हणाली.

"रविवारी ते लोक येणार आहेत," भिंग न काढताच वडील म्हणाले. पण ते नुसतं आठवण झाल्यासारखं म्हणाले.

भोंग्याने हात झटकले, गळा खाकरला आणि संमेलनात उभी राहिली होती तशी दोघांसमोर उभी राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि ते माळाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं. "उद्यापासून पाणी बंद. काळी माती आपण तिघं मिळून काढायची. आणि घर विकायचं नाही. बाकी सगळं तुम्ही ठरवा."