गाडीतली हजेरी

जमनाच्या नाकाला वैतरणेच्या खाडीकाठचा अख्खा कोळीवाडा वचकून असे. सुकवलेल्या बोंबलांच्या ढिगात एखादा जरी दमट राहिला असला, तरी ती लांबूनच ओळखायची. त्यामुळे प्रदीपच्या शर्टाला विडीचा वास आला तेव्हा तिने कसलीच विचारपूस केली नाही. पोरगा पुन्हा ओढायला लागला, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं.

तिच्या तान्ह्या नातवाची छाती घरघरत होती. पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बाळाच्या आसपास धूर नको, धुराचे कपडेसुद्धा नकोत. "आई, बाळ झाल्यापासून विडीला हात नाय लावला," प्रदीप कळवळून सांगायचा. बाप्येमाणसं असंच बोलतात, जमनाचा नवरा तरी काय वेगळं बोलायचा! सून हेमांगी तर बाळाला घेऊन माहेरी निघायच्या गोष्टी करू लागली होती.

शेवटी एका सकाळी जमना पोराच्या पाळतीवर निघाली. सुकटीची टोपली मुद्दाम घरी ठेवली, नाहीतर वासानेच पकडली गेली असती. पॅसेंजर आली तशी ती प्रदीपच्या डब्यात मागच्या दाराने चढली आणि पदर तोंडावर ओढून बसली. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. तारापूरच्या कारखान्यांत निघालेल्या माणसांनी विड्या-सिगारेटी पेटवल्या होत्या आणि डब्यात नुसता धूर कोंडला होता. जमनाची नजर प्रदीपच्या हातांवरून हलली नाही. पालघर गेलं तरी त्याचे हात रिकामेच. कुणी विडी पुढे केली, तर तो मान हलवून नको म्हणायचा. तिला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. ती तरातरा पुढे गेली.

"मग या धुरात बसतोस कशाला मेल्या? दुसरा डबा नाय?"

प्रदीप दचकला. समोर सिगारेट ओढत बसलेल्या माणसाकडे बघून हळूच म्हणाला, "आई, हे बळवंतभाऊ, आमचे मुकादम. आमची हजेरी हितंच लागते. बोईसर यायच्या आत डब्यात दिसलो नाय, तर माझ्या जागी दुसरा जातो."

जमनाच्या तोंडात शिव्या आल्या होत्या. पण काम गेलं तर बाळाचं औषध कुठून आणायचं?

"बसा मावशी," धूर सोडत बळवंत म्हणाला आणि थोडा सरकला.

जमना त्या धुरातच त्याच्या शेजारी टेकली.

घरी परतल्यावर तिने नातवाला घ्यायला हात पुढे केले. हेमांगी झटकन मागे सरली.

"आई, तुमच्या लुगड्याला पण वास! तुमच्यासमोरच ओढतो ना तो? आणि तुमी झाकून घेता!"

"नाय गो, तो ओढत नाय. मुकादम गाडीतच हजेरी घेतो, म्हणून बसावं लागतं."

"गाडीत कधी हजेरी लागते का?" हेमांगी म्हणाली आणि बाळाची दुपटी पिशवीत भरू लागली.

जमनाला रडू फुटलं. हेमांगीच्या जागी आपण असतो तर आपणही विश्वास ठेवला नसता, हे तिला पुरतं ठाऊक होतं.